तळ्याकाठच्या रोषणाईचा हिशेब

ठाण्यात रोषणाई म्हटलं की पाय आपोआप तलावपाळीकडे वळतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या निमित्ताने मासुंदा तलावाकाठी दिवे लागतात आणि दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. डोंबिवलीची दिवाळी पहाट फडके रोडवर, 1924 साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराच्या आसपास जमते. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथाही 1999 मध्ये याच गावातून सुरू झाली. कल्याणला नवरात्रात दुर्गाडी किल्ला उजळतो, काळ्या तलावाकाठी दीपोत्सव होतो.

आपण एखाद्या मंडळात असाल, सोसायटीच्या कमिटीवर असाल किंवा नुसतेच पाहायला जाणारे असाल, तरी एक प्रश्न कधी ना कधी मनात येतोच. एवढ्या प्रकाशाचा भार हवेवर, पाण्यावर, झाडांवर किती पडत असेल? बहुतेक जण हा प्रश्न विजेच्या बिलापाशी सुरू करतात आणि तिथेच संपवतात. बिल महत्त्वाचं आहे, पण खरी हानी पुष्कळदा बिलात दिसतच नाही. म्हणून उत्सवाची तयारी ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने एकेक गोष्ट पाहू.

सुरुवात विजेच्या भारापासून. प्रत्येक दिव्यावर वॅटचा आकडा असतो. तो दिवा वीज किती वेगाने खातो, हे त्यावरून कळतं. एक हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट, आणि एक किलोवॅटचा भार एक तास चालला की एक युनिट. लायटिंगवाल्याकडून कुठला दिवा, किती नग आणि किती वॅटचा, अशी यादी लेखी मागून घ्यावी. तो कुरकुर करेल, पण त्याच्या गोदामात हे आकडे असतात.

एक नमुना मांडून पाहू. तळ्याकाठी तीन संध्याकाळ, रोज पाच तास कार्यक्रम आहे असं धरू. आठ वॅटच्या 500 एलईडी माळा म्हणजे 4 किलोवॅट. दीडशे वॅटचे 40 रंगीत एलईडी पार, म्हणजे भिंती आणि मंच रंगवणारे फोकस, 6 किलोवॅट. आकाशात झोत फेकणारे दहा शार्पी साडेतीन किलोवॅट आणि मोठा एलईडी पडदा 3 किलोवॅट. सगळं मिळून साडेसोळा. पंधरा तासांचे झाले सुमारे 248 युनिट.

आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशापासून येते. त्यामुळे ग्रिडच्या, म्हणजे तारांतून येणाऱ्या सामाईक विजेच्या, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 248 युनिटचा झाला 170-175 किलो. हजार-हजार वॅटचे जुने पार आणि तापणाऱ्या बल्बच्या माळा लावून हाच थाट केला असता तर भार साठ किलोवॅटच्या पुढे गेला असता. म्हणजे एलईडीने विजेचा खर्च खरोखरच खाली आणला आहे, आणि ही बचत मान्य करायला हवी.

नेमकी इथेच पहिली गफलत होते. दिवे स्वस्तात जळतात म्हटल्यावर ते उतरवायची घाई कुणालाच राहत नाही. वरच्या नमुन्यातल्या त्याच 500 माळा उत्सवानंतर तीन महिने तशाच ठेवल्या आणि रोज रात्रभर, म्हणजे अकरा तास जळल्या, तर 4 गुणिले 11 गुणिले 90, असे 3960 युनिट होतात. अख्ख्या उत्सवाच्या सोळा पट! ज्या तीन संध्याकाळी हजारो लोकांनी डोळे भरून पाहिलं, त्यांचा खर्च एकीकडे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसताना पहाटे तीन वाजता लुकलुकणाऱ्या माळांचा खर्च दुसरीकडे. माझ्या मते सार्वजनिक रोषणाईत सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट ही आहे. त्यासाठी पैसाही लागत नाही. माळा कधी उतरवणार ती तारीख कंत्राटात लिहायची आणि रोज ठरलेल्या वेळेला दिवे बंद करणारा टायमर बसवायचा, एवढंच.

यानंतर वीज कुठून घ्यायची ते ठरवावं. ठाणे शहराच्या बहुतेक भागात आणि कल्याण-डोंबिवलीत महावितरण आहे, तर कळवा, मुंब्रा, शीळ भागात टोरेंट. सार्वजनिक उत्सवासाठी तात्पुरती वीजजोडणी मिळते. त्यासाठी अर्ज, अनामत रक्कम आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. मंडळं हे काम शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात, जोडणी वेळेत मिळत नाही, आणि मग ‘चला, जनरेटर आणू’ असं ठरतं.

या जनरेटरमुळे हिशेब किती बिघडतो ते पाहा. आपला भार साडेसोळा किलोवॅट, पण भाड्याने येतं 125 केव्हीएचं धूड, म्हणजे शंभर किलोवॅट पेलणारं. ‘मोठा असलेला बरा’ म्हणून. डिझेल इंजिनावर फार कमी भार असला तरी ते फिरत राहण्यासाठी इंधन खातंच. असा जनरेटर तासाला साधारण सात लिटर डिझेल पितो. पंधरा तासांचे 105 लिटर, आणि दर लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 280 किलोच्या वर. ग्रिडपेक्षा दीडपटीहून जास्त, शिवाय धूर आणि काजळी थेट गर्दीतल्या लहान मुलांच्या नाकात. जनरेटर फक्त वीज गेल्यावरच्या सोयीसाठी ठेवावा, भाराला बेताचा निवडावा आणि लोकांच्या उलट दिशेला, वाऱ्याचा अंदाज घेऊन उभा करावा.

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून आकडा टाकणं तर मुळीच नको. तळ्याकाठी जमीन ओली असते आणि लोखंडी कठडे सलग असतात. तिथे अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, आणि आरसीसीबी, म्हणजे गळती होताच क्षणात प्रवाह तोडणारा स्विच, या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. तीन रात्रींसाठी भाड्याचे सौर पॅनल आणून फलक लावण्याचा मोह काहींना होतो. त्यापेक्षा तोच पैसा एखाद्या शाळेच्या गच्चीवरच्या कायमच्या पॅनलना दिला तर वर्षभर वीज मिळेल.

आता दिवे टांगायचे कुठे? इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण हात सगळ्यात आधी झाडाकडे जातो. खांब उभारायला पैसे पडतात, झाड फुकट उभं असतं. बुंध्याला माळ गच्च गुंडाळायची, फांद्यांवर खिळे मारून हिरवे फोकस ठोकायचे, झालं काम.

अशी माळ वर्षभर राहिलेलं एखादं झाड जवळून पाहा. वायर सालीत रुतलेली दिसते आणि तिच्या वरच्या अंगाला साल फुगून कड आलेली असते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते या सालीच्या आतल्या थरातून. बुंधा जाड होत जातो, वायर ताणली जात नाही, आणि ती वाट आवळली जाते. खिळ्याच्या भोकातून पाणी आणि बुरशी आत शिरते. वरून झाड हिरवंच दिसतं, म्हणून कुणाला कळत नाही. पुढे एखाद्या पावसाळ्यात फांदी मोडून पडते तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो.

प्रकाशाचाही झाडावर परिणाम होतो. दिवस लहान-मोठा झाल्याची खूण झाड प्रकाश आणि अंधाराच्या लांबीवरून ओळखतं. रात्रभर दिव्यात राहिलेल्या फांदीवर पानगळ आणि पालवीचं वेळापत्रक हलू शकतं. त्याच फांद्यांवर साळुंक्या, कावळे आणि बगळे रातथाऱ्याला असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर रंग बदलणारा फोकस लागला की त्यांना तिथून उठावं लागतं.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे, आणि त्यात झाड तोडण्याची व्याख्या बरीच व्यापक आहे. झाड जाळणं किंवा अन्य प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध ठाण्यातल्याच एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि 2024 मध्ये न्यायालयाने राज्य सरकार व महापालिकांकडे त्यावर उत्तर मागितलं. तेव्हा आपल्या मंडळाने झाड सोडून बांबूच्या कमानी, मांडवाचे खांब किंवा इमारतींच्या कठड्यांवर रोषणाई केली तर झाडही वाचेल आणि नोटिशीची टांगती तलवारही राहणार नाही.

जागा ठरली की प्रकाशाची दिशा पाहावी. साधा नियम असा की दिवा जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून असावा, आकाशाकडे नाही. वर गेलेला प्रकाश कुणाच्याच उपयोगाचा नसतो. तो धूळ आणि बाष्पावर आदळून पसरतो आणि सगळं आकाश धुरकट उजळतं. हौशी निरीक्षकांच्या पन्नास हजारांहून जास्त नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. 2011 ते 2022 या काळात रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास उजळत गेलं, असं त्यात दिसलं. आवाजाला आपल्याकडे 2000 सालच्या नियमांमुळे रात्री दहाची मर्यादा आहे. प्रकाशाला वेळेचं असं बंधन घालणारा देशपातळीवरचा कायदा नाही, म्हणून ही शिस्त आयोजकांनी स्वतःच पाळायची.

शार्पीचे झोत मला सगळ्यात जास्त खटकतात. न्यूयॉर्कमध्ये दर 11 सप्टेंबरला स्मृती म्हणून प्रकाशाचे दोन स्तंभ आकाशात सोडतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात वर्षांतल्या फक्त सात रात्रींत त्या झोतांनी सुमारे 11 लाख स्थलांतरी पक्ष्यांना वाटेतून ओढून घेतलं होतं. पक्षी झोतात अडकून गोल गोल फिरत राहायचे. दिवे विझवले की काही मिनिटांत पांगायचे. म्हणून तिथे झोतात पक्षी हजाराच्या वर गेले की वीस मिनिटं दिवे बंद ठेवतात.

हे न्यूयॉर्कचं झालं, आपल्याला काय, असं वाटू शकतं. पण नकाशा पाहा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दिवाळी आणि त्रिपुरी पौर्णिमा येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाहेरचे पाणपक्षी इकडे उतरू लागतात तेव्हाच. उपवन तलाव तर येऊरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आणि तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्या काठावरून फेकलेला झोत थेट जंगलात जातो. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला जाणाऱ्यांना टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवायला सांगतात, कारण परक्या प्रकाशात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. जंगलाकडे तोंड असलेल्या उत्सवांनी एवढीच काळजी घेतली तरी पुष्कळ होईल.

रंगाबद्दल थोडक्यात. दिव्याच्या खोक्यावर ‘के’ अक्षरासमोर आकडा असतो, तो पांढऱ्या प्रकाशाची छटा सांगतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार, 6500 म्हणजे निळसर पांढरा. निळसर प्रकाश हवेत जास्त पसरतो आणि किड्यांना जास्त खेचतो. जिथे रंगाची गरज नाही तिथे पिवळसर माळा घ्याव्यात; जुन्या देवळाच्या दगडावर त्या दिसतातही छान.

आता पाण्यातले दिवे. ‘आम्ही वीज वापरतच नाही, आमचा दीपोत्सव पणत्यांचा आहे’ असं अभिमानाने सांगितलं जातं. पणत्या सुंदर दिसतात यात शंका नाही. पण एका पणतीत साधारण 15 मिलिलिटर तेल धरलं तर दहा हजार पणत्यांना दीडशे लिटर तेल लागतं. अयोध्येत 2024 च्या दीपोत्सवात 25 लाखांहून जास्त दिवे लागले. दिवे विझल्यावर उरलेलं तेल गोळा करणाऱ्या गरीब मुलांची चित्रं देशाने पाहिली आहेत. खाद्यतेल किती वाया जाणार, हा प्रश्न आधीच विचारायचा असतो. अर्ध्या तासाचा कार्यक्रम असेल तर पणती काठोकाठ भरायची काय गरज?

हे तेल पाण्यात गेलं तर काय होतं? अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या एका तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाण्यावर गेलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे! इतका पातळ तवंग लवकर विरतो, पण उलटलेल्या शेकडो पणत्यांचं तेल काठाशी साचून जाड थर धरतं. तिथे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला अडथळा येतो, आणि तेल कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपतो. शहरातल्या तलावांत ताज्या पाण्याची ये-जा आधीच कमी असते. त्यात द्रोण, फुलं, वाती आणि पॅराफिनच्या मेणाच्या वाट्या पडल्या की भार वाढतच जातो. सजावटीच्या थर्माकोलवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तरी दिवा तरंगायला सोपा म्हणून तो कुठून तरी येतोच. खरेदीच्या यादीवर एका जबाबदार माणसाने नजर ठेवली तरच हे थांबतं.

यावरचा उपाय ठाणेकरांच्या ओळखीचा आहे. गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलावांची सवय या शहराने वर्षानुवर्षं लावून घेतली आहे. तसाच एक हौद तळ्याकाठी मांडावा आणि तरंगते दिवे त्यात सोडावेत. बाकीच्या पणत्या पायऱ्यांवर, पाण्यापासून एक पायरी वर ठेवाव्यात. प्रतिबिंब तळ्यात पडतंच, तेल पडत नाही. कार्यक्रम संपल्यावर स्वयंसेवकांनी गाळणी आणि डबे घेऊन फिरावं. उरलेलं तेल साबण किंवा इंधनासाठी घेणारे असतात. पणत्या धुऊन ठेवल्या तर पुढच्या वर्षी निम्मी खरेदी वाचते. एकच खबरदारी घ्यावी. तेल गोळा करणाऱ्यांनी वात पूर्ण विझल्याची खात्री करावी आणि मुलांना त्या कामाला लावू नये.

दिवे लागले की लोक येतात, आणि हिशेबाचा सगळ्यात मोठा आकडा बहुधा इथेच दडलेला असतो. पेट्रोलची मोटार किलोमीटरला साधारण 0.15 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. येऊन-जाऊन दहा किलोमीटर करणाऱ्या एक हजार मोटारी आल्या तर दीड हजार किलो. वर आपण तीन दिवसांच्या विजेचे 175 किलो मोजले होते! दिवे कितीही काटकसरीचे असोत, पार्किंग शोधत तलावपाळीला तीन फेऱ्या मारणारी वाहनं ती सगळी बचत गिळून टाकतात.

सुदैवाने आपली गावं रुळांवर वसलेली आहेत. तलावपाळी ठाणे स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, फडके रोड डोंबिवली स्थानकाला लागूनच. म्हणून पत्रिकेवर आणि फलकावर पार्किंगच्या आधी स्थानकातून कसं यायचं ते छापावं: कुठल्या पुलाने उतरायचं, कुठून वळायचं, परतीच्या लोकलच्या वेळा काय. कल्याणला काळ्या तलावाकडे येणाऱ्यांसाठी शेअर रिक्षांची सोय आधी बोलून ठेवावी. आयोजक मंचावर लाखो खर्च करतात आणि स्थानकापासूनचा पदपथ मात्र फेरीवाले, दुचाकी आणि स्वागतकमानींच्या पायांनी अडलेला राहतो. आजीला आणि बाळाला घेऊन चालता येत नसेल तर माणूस गाडी काढणारच.

शेवटचं काम उतरवण्याचं. घाईत माळा ओढून काढल्या की वायर तुटते, आणि तुटलेली माळ कचऱ्यात जाते. हा ई-कचरा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा कचरा. ओल्या-सुक्याच्या डब्यात त्याची जागा नाही. तो कचराभूमीत गेला की कुणीतरी तांब्यासाठी वायर जाळतं आणि प्लास्टिकचा विषारी धूर निघतो. कल्याणकरांनी आधारवाडीच्या आणि दिवावासीयांनी तिथल्या कचराभूमीच्या धुराचा त्रास वर्षानुवर्षं काढला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शक्यतो माळा विकत न घेता भाड्याने घ्याव्यात, म्हणजे त्या सांभाळण्यात लायटिंगवाल्याचाच फायदा राहतो. विकत घ्यायच्याच असतील तर बल्ब बदलता येणाऱ्या, जाड वायरच्या घ्याव्यात. उतरवताना पुठ्ठ्यावर गुंडाळून चिठ्ठी लावावी, आणि बिघडलेल्या माळा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्याव्यात.

हे सगळं एका वहीत लिहून ठेवावं. मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, डिझेलचे लिटर, तेलाचे डबे किती भरले आणि किती परत आले, बिघडलेल्या माळा किती. पुढच्या वर्षी कमिटी बदलली तरी वही राहते, आणि ‘मागच्या वर्षी एवढंच लागलं होतं’ हे अंदाजाने सांगावं लागत नाही. लायटिंगवाल्याच्या पैशांचा शेवटचा हप्ता मात्र शेवटची माळ खाली उतरून, एकाही झाडावर वायर किंवा खिळा राहिला नाही हे दिवसाउजेडी फिरून पाहिल्यावरच द्यावा.